व्यत्यय अकरा मिनिटे, कारण चहा

रिकामी जागा माणसाने रिकामीच ठेवावी. ती भरायला गेलं की काय होतं, हे कुणाला जाणून घ्यायचं असेल तर त्याने तारीखवाल्यांना विचारावं. (मात्र त्यांच्या सासूबाई आसपास नसताना विचारावं.)

तारीखवाले म्हणजे टीव्ही केंद्राच्या तळघरातले गृहस्थ. आईवडिलांनी त्यांना एक चांगलं नाव ठेवलं होतं, पण पगारपत्रकाबाहेर ते कुणी वापरत नसे. तळघरात जुन्या फितींची कपाटं, कपाटांच्या मधोमध एक टेबल, टेबलावर एक लांबट लाकडी खोका आणि खोक्यात तीनशे सहासष्ट कार्डं. वर्षातल्या प्रत्येक तारखेला जगाच्या पाठीवर कुठल्या टीव्हीवर काय नवलाचं घडलं, ते एकेका कार्डावर लिहिलेलं. रोज संध्याकाळी सातच्या बातम्यांआधी तीन मिनिटं 'आजच्या तारखेला' नावाचा कार्यक्रम लागे. तारीखवाले लिहीत, निवेदिका वाचत असे. "आजच्या तारखेला एका केंद्रावर बातम्या देणाऱ्याला सलग सात शिंका आल्या आणि आठवी बातमी राहून गेली." किंवा, "आजच्या तारखेला हवामानाचा नकाशा पहिल्यांदा रंगीत दाखवला गेला. अंदाज मात्र चुकला."

हा कार्यक्रम म्हणजे तारीखवाल्यांचा जीव की प्राण. तीन मिनिटं असली म्हणून काय झालं? महिन्याचा दीड तास होतो! (हा हिशेब ते पाहुण्यांना न विचारता सांगत.) अडचण एवढीच होती, की नऊ वर्षांत कार्यक्रमाला प्रेक्षकाचं एकही पत्र आलं नव्हतं. फोन एकदा आला होता, पण त्या माणसाला सायकल दुरुस्तीचं दुकान हवं होतं.

केंद्राच्या संचालकांनी शेवटी त्यांना वर बोलावलं.

"तारीखवाले, तुमचा कार्यक्रम कुणी बघतं का हो?"

"बघत असतील की, साहेब. बातम्यांची वाट बघताना समोर दिसतोच."

"या महिनाअखेर बंद करू या. त्या जागी गाद्यांची जाहिरात घेता येईल. एखादं पत्र, एखादा फोन आला तर बघू. नाहीतर गाद्या."

तारीखवाले तळघरात परत आले ते पाय ओढतच. आणि नेमकं त्याच दिवशी त्यांनी पुढच्या तारखेचं कार्ड काढलं. सव्वीस ऑक्टोबर. कोरं! माणसाने टीव्ही शोधून काढल्यापासून सव्वीस ऑक्टोबरला कुठेही काहीही घडलेलं तारीखवाल्यांना सापडलं नव्हतं. दरवर्षी त्या दिवशी ते फुलांची चित्रं आणि बासरी लावून वेळ मारून नेत. पण आता गाद्या दारात उभ्या असताना बासरी वाजवणं बरं दिसलं नसतं.

खरं म्हणजे सव्वीस ऑक्टोबरला एक गोष्ट घडलेली होती. तारीखवाल्यांना ती चांगली ठाऊक होती, आणि ठाऊक असण्याचं कारणही तसंच होतं. ती त्यांनीच घडवली होती.

बावीस वर्षांपूर्वी तारीखवाले वरच्या मजल्यावर प्रक्षेपण कक्षात सहायक होते. तेव्हा बावन्न भागांच्या एका मालिकेने सगळ्या गावाला वेड लावलं होतं. मालिकेतली नर्स लग्न कुणाशी करणार, डॉक्टरशी की मास्तरांशी, हा प्रश्न वर्षभर लांबला होता. घराघरांत तट पडले होते. शेवटच्या भागात नर्सने दोघांना समोर बसवलं, पदर सावरला, आणि "माझं ठरलंय..." असं म्हणून पुढचं सांगायला तोंड उघडलं. त्याच क्षणी तारीखवाल्यांनी चहाची विजेची किटली एका मोकळ्या प्लगला लावली. प्लगच्या वर पाटी होती: 'येथे काहीही लावू नये.' तारीखवाल्यांना वाटलं, किटली म्हणजे काही फार नव्हे.

गावभरचे टीव्ही आंधळे झाले. पुढची अकरा मिनिटं पडद्यावर फक्त 'व्यत्यय' अशी पाटी दिसत होती. व्यत्यय गेला तेव्हा शेतीच्या पंपांवरचा माहितीपट सुरू झाला होता.

मौज अशी, की फीत आत मशीनवर चालूच होती, ती बाहेर जात नव्हती एवढंच. तंत्रज्ञ सगळे गच्चीकडे धावले होते आणि जाताना तारीखवाल्यांवर ओरडून गेले होते, "तू इथून हलू नकोस! कशाला हात लावू नकोस!" त्यामुळे हातात किटली धरून, समोरच्या छोट्या पडद्यावर, मालिकेचा शेवट पाहिलेला गावातला एकुलता एक माणूस म्हणजे तारीखवाले. शेवट पुन्हा दाखवायचं कुणी ठरवायच्या आत ती फीतही पुसली गेली आणि तिच्यावर 'पोहण्याचे फायदे' चित्रित झालं. तारीखवाल्यांची बदली तळघरात झाली. घरी त्यांनी सांगितलं, बढती मिळाली. (संग्रहप्रमुख! ज्या खात्यात आपण एकटेच असतो, तिथे प्रमुखही आपणच असतो.)

आता तुम्ही म्हणाल, मग शेवट सांगून टाकायचा होता. सांगणार कसा? तेव्हा त्यांच्या लग्नाला जेमतेम महिना झाला होता. दुसऱ्याच दिवशी नवे जावई म्हणून सासुरवाडीला गेले, तर सासूबाई कपाळाला पट्टी बांधून बसलेल्या. "ज्या मेल्याने काल टीव्ही घालवला ना, त्याच्या घरचा दिवा ऐन जेवताना जाऊ दे!" तारीखवाले घाबरून म्हणाले, "अगदी खरं, आई. असल्या माणसाला उलटं टांगायला हवं." सासूबाईंनी त्यांच्याकडे कौतुकाने पाहिलं. हे जावई तेवढे समंजस, हे त्यांचं मत त्या दिवशी बनलं आणि पुढे धाकटे जावई आले तरी ते बावीस वर्षं टिकलं. गेली सहा वर्षं सासूबाई त्यांच्याकडेच राहायला होत्या. थोरल्या आणि धाकट्या जावयांसमोर त्या म्हणत, "मधले म्हणजे सोनं आहेत सोनं!" आणि मान खाली घालून तारीखवाले ठरलेलं उत्तर देत, "तसं काही नाही, आई. तुम्ही उगीच कौतुक करता." हे वाक्य त्यांच्या जिभेवर इतकं बसलं होतं, की झोपेत उठवलं तरी तेच निघालं असतं.

तर कोरं कार्ड समोर ठेवून तारीखवाल्यांनी विचार केला. कार्यक्रम कोण बघतो? कुणीच नाही. मग लिहायला हरकत काय? आणि त्यांनी लिहिलं: 'आजच्या तारखेला, बावीस वर्षांपूर्वी, आपल्याच केंद्रावर एका लोकप्रिय मालिकेचा शेवट तांत्रिक कारणाने अकरा मिनिटं दिसू शकला नाही.'

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

सव्वीस तारखेला निवेदिकेने ते वाचलं, आणि बातम्या सुरू व्हायच्या आत केंद्राचे फोन वाजू लागले. तासाभरात एकशे चाळीस फोन! संचालक स्वतः जिना उतरून तळघरात आले. (गेल्या नऊ वर्षांत ते तळघरात आले नव्हते. जिन्यात दिवा नाही हे त्यांना त्या दिवशी कळलं.)

"तारीखवाले! अहो, सगळं गाव पेटलंय! लोक विचारतायत, कुणी घालवली होती? शेवट काय होता? उद्याच्या उद्या अर्ध्या तासाचा खास कार्यक्रम करू. थेट प्रक्षेपण! तो माणूस मला शोधून द्या."

"साहेब, बावीस वर्षं झाली. आता कुठे सापडणार तो?"

"नोंदवही असेल ना? कुठाय त्या वर्षाची?"

तारीखवाले म्हणाले, ती वाळवीने खाल्ली. पण तारीखवाल्यांची शिस्तच त्यांना नडली. प्रत्येक वहीच्या पाठीवर त्यांनी स्वतःच्या हाताने वर्ष आणि महिना लिहून ठेवला होता, त्यामुळे संचालकांना ती अर्ध्या मिनिटात सापडली. सव्वीस ऑक्टोबरच्या पानावर लिहिलं होतं: 'व्यत्यय अकरा मिनिटे. कारण: चहा.' आणि खाली सही.

"ही सही कुणाची?"

तारीखवाल्यांनी सहीकडे परक्याच्या सहीकडे बघावं तसं बघितलं. मग म्हणाले, "माझी."

संचालक रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्यांनी तर मिठीच मारली. "वा! घरातलाच माणूस! प्रवासखर्चही नको!"

"साहेब, मला जमणार नाही. आमच्या घरी कळलं तर माझी धडगत नाही."

"कळेल कसं? तुम्हाला पांढऱ्या पडद्यामागे बसवू. नुसती सावली दिसेल. आवाज यंत्रातून बदलू. तुमची बायकोसुद्धा ओळखणार नाही. आणि तारीखवाले, हा कार्यक्रम रंगला, तर 'आजच्या तारखेला' पाच मिनिटांचा करतो. नाहीतर गाद्या आहेतच."

पाच मिनिटं! महिन्याचे अडीच तास! तारीखवाले विरघळले. एका बाजूला बावीस वर्षांची अब्रू, दुसऱ्या बाजूला नऊ वर्षांचा कार्यक्रम. त्यांनी मान डोलावली.

"आणि समोर एक प्रेक्षक बसवू," संचालक खिशातून चिठ्ठी काढत म्हणाले. "एका बाईंचा फोन आला होता. काय फोन होता! माझा कान अजून गरम आहे. म्हणाल्या, त्याला माझ्यासमोर बसवा, मग बघते. हा त्यांचा पत्ता. उद्या गाडी पाठवतोय."

संचालकांनी पत्ता वाचला. तारीखवाल्यांना तो कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. मग लक्षात आलं, रोज संध्याकाळी आपण तिथेच तर जातो.

घरी पोचले तर सासूबाई आणि बायको जेवणाच्या टेबलाशी वही उघडून बसलेल्या. बायको म्हणाली, "अहो, आईला टीव्हीवर बोलावलंय! तो माणूस सापडला म्हणे!"

"तुमच्याच केंद्रातला आहे," सासूबाई म्हणाल्या. "ओळखता का हो तुम्ही त्याला, जावईबापू?"

"तोंडओळख आहे," तारीखवाले म्हणाले.

"कसा आहे माणूस?"

"तसा... सज्जन वाटतो."

"चेहऱ्यावर जाऊ नका. बसा, तुम्ही लिहिणारे आहात. मला चांगले पाच प्रश्न काढून द्या."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! ज्या प्रश्नांनी उद्या स्वतःची सालटी निघायची, ते प्रश्न लिहायला तारीखवाले बसले. पहिला प्रश्न त्यांनी मोठ्या खुबीने लिहिला. सासूबाईंनी चष्मा लावून तो वाचला.

"हे काय? 'आपली प्रकृती कशी आहे?' मी काय त्याला भेटायला दवाखान्यात चाललेय?"

"सुरुवात गोड करावी, आई."

"खोडा. लिहा, 'तुम्हाला लाज वाटली का?'"

तारीखवाल्यांनी लिहिलं.

"पुढे लिहा, 'वाटली असेल तर किती?'"

पाच प्रश्नांचे चौदा झाले. बायकोने मधेच म्हटलं, "आई, त्यालाही बायको-मुलं असतील गं." तारीखवाल्यांना बायकोबद्दल इतकं प्रेम लग्नानंतर पहिल्यांदाच दाटून आलं. पण सासूबाई म्हणाल्या, "असतील तर त्यांची कीव येते मला," आणि पंधरावा प्रश्न त्यावर निघाला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी स्टुडिओत तारीखवाले पांढऱ्या पडद्यामागे स्टुलावर बसले. शर्टाला छोटा माइक. तो यंत्राला जोडलेला, त्यामुळे त्यांनी नुसतं खाकरलं तरी विहिरीच्या तळाशी कुणी रांजण सरकवतंय असा आवाज येई. पडद्यापलीकडे जांभळी शाल पांघरून सासूबाई, शेजारी निवेदिका. लाल दिवा लागला.

"का हो," सासूबाईंनी वही मिटूनच सुरुवात केली, "तुम्हाला लाज वाटली का?"

"वाटली," रांजण म्हणाला.

"किती?"

"फार."

"एवढं काय अडलं होतं तुमचं?"

"चहा करायचा होता."

स्टुडिओत कॅमेऱ्यामागचे लोकसुद्धा हळहळले. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "चहा! अहो, वर्षभर मी त्या नर्सच्या पायी जेवणं पुढेमागे केली. शेजारणीशी अबोला धरला. ती मास्तरांकडून होती, मी डॉक्टरकडून. तो अबोला अजून सुटला नाही, कारण कोण जिंकलं तेच कळलं नाही! आणि तुम्हाला चहा हवा होता!"

पडद्यामागे तारीखवाल्यांना घाम फुटला. त्यांना पहिल्यांदाच मनापासून वाईट वाटलं. शेजारणीचं त्यांना ठाऊकच नव्हतं. त्या दोघी भाजीला वेगवेगळ्या वेळी का जातात, याचं त्यांना नेहमी कोडं पडे.

सासूबाईंचा घोडा आता चौखूर उधळला होता. "माणूस कसा असावा ते शिका जरा! आमचे मधले जावई बघा. याच केंद्रात आहेत. कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. बावीस वर्षांत एकदाही खोटं बोलले नाहीत. सोनं आहेत सोनं!"

आणि पडद्यामागची सावली मान खाली घालून, विहिरीच्या तळाच्या त्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तसं काही नाही, आई. तुम्ही उगीच कौतुक करता."

स्टुडिओत टाचणी पडली असती तर ऐकू आली असती. (पडली नाही, पण सगळे तिची वाट बघत असल्यासारखे उभे होते.) सासूबाई उठल्या. निवेदिका म्हणाली, "अहो, तिकडे जायचं नाही," पण सासूबाई निघाल्या की त्यांना थांबवणारा माणूस अजून जन्मायचा आहे. त्यांनी पडद्याला वळसा घातला, कॅमेरा त्यांच्या मागोमाग गेला, आणि सगळ्या गावाने पाहिलं: स्टुलावर, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखे तारीखवाले बसलेले.

"जावईबापू?"

"चुकलं, आई," तारीखवाले म्हणाले. माइक अजून शर्टाला होता, त्यामुळे ही क्षमायाचना गावभर राक्षसाच्या आवाजात पोचली.

"बावीस वर्षं माझ्या शेजारी बसून तुम्ही त्याला शिव्या दिल्यात. माझ्यापेक्षा दोन जास्तच दिल्यात!"

"मनापासून दिल्या, आई. त्यातली एकही खोटी नव्हती."

सासूबाई काहीतरी बोलणार होत्या, पण संचालक कॅमेऱ्यामागून दोन्ही हातांनी खुणा करत होते: शेवट! शेवट विचारा! निवेदिका धावत आली. "शेवट तुम्ही पाहिला होता म्हणे. नर्सने कुणाशी लग्न केलं?"

सगळे टीव्ही, सगळी घरं, कान टवकारून बसली. शेजारणीच्या खिडकीतून तिचं कुटुंब टीव्हीला नाक लावून बसलेलं दिसत होतं, असं पुढे तारीखवाल्यांच्या बायकोने सांगितलं.

तारीखवाले स्टुलावरून उठले. "ती म्हणाली, 'माझं ठरलंय... मी विचार करून सांगते.' मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. अकरा मिनिटं. नावंसुद्धा तिच्या पाठीवरूनच गेली. त्यांना पुढे दुसरी मालिका काढायची होती, पण ती काही निघाली नाही."

सासूबाईंनी शाल खांद्यावर ओढून घेतली. मग म्हणाल्या, "अकरा मिनिटं नुसती खिडकीत?"

"हो."

"काही बोलली नाही?"

"एकदा पडदा सरकवला."

"मग बरं केलंत घालवलीत ते!" सासूबाई कडाडल्या. "ते मी बघितलं असतं तर टीव्हीच फोडला असता!" आणि कॅमेऱ्याकडे वळून त्यांनी त्या नर्सचा, तिच्या लेखकाचा आणि दिग्दर्शकाचा असा काही समाचार घेतला, की बातम्या वीस मिनिटं उशिरा लागल्या आणि एकाही माणसाने तक्रार केली नाही. जाता जाता त्यांनी शेजारणीला कॅमेऱ्यातूनच उद्या चहाला बोलावलं. तारीखवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सुटलो, असं त्यांना मनापासून वाटलं.

तिसऱ्या दिवशी पत्रांची पोती आली. पोती! तारीखवाले स्वतः एक पोतं खांद्यावर घेऊन संचालकांच्या खोलीत गेले.

"साहेब, मग पाच मिनिटं?"

"पाच कसली, दहा!" संचालक म्हणाले. "वाचलीत का पत्रं? प्रत्येकात एकच मागणी आहे. त्या आजींना रोज आणा. जगात कुठल्या तारखेला टीव्हीवर कुणाचं काय चुकलं, ते त्यांनी सांगायचं आणि त्याला चार शब्द सुनवायचे. सोमवारपासून सुरू. तुम्ही त्यांना लिहून द्यायचं. कार्यक्रम तुमचाच आहे हो!"

सोमवारी तारीखवाल्यांनी सात शिंकांचं कार्ड काढून, तीनदा लिहून, खोडून, सुवाच्य अक्षरात दोन पानी मजकूर तयार केला. घरी थोरले जावई, धाकटे जावई, शेजारीण, सगळे टीव्हीसमोर जमले. तारीखवाले मधोमध बसले, कारण ते कार्यक्रमाचे लेखक होते. धून वाजली, दिवे उजळले, आणि सासूबाई पडद्यावर आल्या. त्यांनी हातातली दोन पानं उलटीपालटी करून पाहिली आणि टेबलाच्या कडेला ठेवून दिली.

"हे मी वाचणार नाहीये," त्या सगळ्या गावाला म्हणाल्या. "हे आमच्या मधल्या जावयांनी लिहिलंय. त्यांना खरं सांगायला बावीस वर्षं लागतात. मला दहाच मिनिटं दिलीत."